ज्याला आकडा बदलता येत नाही, त्याच्याकडे दाद कशी मागायची?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना पाठवली आहे. मराठीत ते मुद्दाम लिहिते आहे. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत आमची बरीच मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या काही घरांत माझ्या मुलासारखी मुलं आहेत. गणपतीला, दिवाळीला आम्ही आया भेटतो, तेव्हा बोलणं फिरून फिरून ‘प्लॅन’वर, म्हणजे सरकारी अपंगत्व योजनेतून मुलाला किती मदत मिळणार हे ठरवणाऱ्या कागदावर, येतं. कुणाचे तास कमी झाले, कुणाची थेरपी बंद झाली. मग अपिलाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. सरकारशी भांडायचं कसं, या देशाने आपल्याला घेतलं, आता वर तोंड करून मागायचं कसं, असं आम्हाला वाटतं. सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाला या मदतीचा आकडा बदलता यावा की नाही, याबद्दल तुम्ही संसदेत जो निर्णय कराल तो याही घरांना कळला पाहिजे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

माझा मुलगा 2006 मध्ये इथेच जन्मला, अठ्ठाविसाव्या आठवड्यात. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो चालत नाही, तोंडाने बोलत नाही. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र त्याच्या खुर्चीला लावलेलं आहे, त्यावर तो शब्द निवडतो. नाशिकच्या आजीला व्हिडिओ कॉलवर त्या यंत्राच्या इंग्रजी आवाजात तो ‘आजी’ म्हणतो आणि ती पदर डोळ्यांना लावते. त्याला क्रिकेट कळतं, गणित आवडतं, आणि आपल्याबद्दल समोर बोललेलं सगळं समजतं.

2018 मध्ये आमच्या भागात राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, म्हणजे एनडीआयएस, आली. ती येण्याआधी आम्ही काय करत होतो ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की तुमच्या सभागृहाने 2013 मध्ये केलेला तो कायदा मी इंग्रजी-मराठी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, कारण त्यातला एक प्रश्न मला फार मोठा वाटला: या माणसाला जगायला वाजवी आणि आवश्यक अशी कोणती मदत लागते? माझ्या धाकट्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. गावाकडे त्याचं अपंगत्व टक्क्यांत मोजलेलं आहे, प्रमाणपत्रावर आकडा आहे, आणि एसटीच्या सवलतीपासून सगळं त्या आकड्यावर ठरतं. तो शेतावर कसा जातो, पावसाळ्यात चिखलात काय करतो, हे त्याला आजवर एकाही कागदाने विचारलेलं नाही. इथल्या कायद्याने ते विचारलं. म्हणून हा कायदा मला आपला वाटला.

आता 2022 च्या जुलैची गोष्ट. मुलगा सोळा वर्षांचा होता. प्लॅन नव्याने ठरायचा होता आणि मूल्यमापनासाठी एक बाई घरी आल्या. सभ्य होत्या, हसून बोलत होत्या, दीड तास बसल्या. त्यांनी विचारलं, तो स्वतः जेवतो का? मी म्हटलं, हो, वरणभात आवडीने खातो. त्यांनी विचारलं, झोप कशी आहे? मी म्हटलं, शांत झोपतो. घरच्यांची मदत आहे का? आहोत ना आम्ही.

तीनही उत्तरं खरी होती. वरणभात तो आवडीने खातो, पण त्याच्या कोपराखाली माझा हात असतो आणि प्रत्येक घास गिळेपर्यंत मी त्याच्या गळ्याकडे बघत असते. तो शांत झोपतो, कारण दर तीन तासांनी मी उठून त्याची कूस बदलते. नाही बदलली तर स्नायू आखडून तो कळवळतो. आणि ‘आहोत ना आम्ही’ हे तर कुठलीही मराठी बाई कुणालाही म्हणेल. पाहुण्यांसमोर आपल्या लेकराचं उणं सांगायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. अहवालात लिहून आलं: जेवण स्वतः करतो, रात्री मदतीची गरज नाही, घरची मदत भक्कम.

त्यानंतरच्या प्लॅनमध्ये सपोर्ट वर्करचे, म्हणजे घरी येणाऱ्या मदतनिसाचे, आठवड्याचे 28 तास 14 झाले. आम्ही तीन महिन्यांच्या मुदतीत अंतर्गत फेरतपासणी मागितली. तिथे तोच अहवाल पुन्हा वाचला गेला आणि उत्तर तेच आलं. मग 28 दिवसांच्या आत आम्ही न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तेव्हा त्याचं नाव प्रशासकीय अपील न्यायाधिकरण होतं. फी नव्हती. वकील नव्हता. एका विनामूल्य मदत करणाऱ्या संस्थेतली मुलगी आमच्या बाजूने बसायची, तिचे उपकार मी विसरणार नाही.

पहिली चर्चा फोनवर झाली. न्यायाधिकरणाच्या माणसाने मला विचारलं, “रात्री तुम्ही किती वेळा उठता?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी म्हटलं, तीनदा, कधी चारदा. ते म्हणाले, दोन आठवडे वेळ लिहून ठेवाल का? माझ्या नवऱ्याने शाळेची शंभरपानी वही काढली. सव्वाबारा, कूस बदलली. पावणेतीन, पाय आखडला, चोळून दिला. साडेचार, लाळ अडकली, बसवलं. ती वही, ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपिस्टचा) नवीन अहवाल आणि मुलाने स्वतः डोळ्यांनी लिहिलेल्या चार ओळी, एवढं आम्ही दिलं. अकरा महिने लागले. सुनावणीची वेळ आलीच नाही, त्याआधी समझोता झाला. दिवसाचे तास परत मिळाले आणि आठवड्यातल्या दोन रात्री मदत मंजूर झाली. त्या दोन रात्री मी झोपते.

समझोता का झाला, हे सन्माननीय सदस्यांनी लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. समोरच्या बाजूला ठाऊक होतं की सुनावणी झाली तर वही वाचली जाईल, ओटीची साक्ष होईल, आणि पटलं तर न्यायाधिकरण स्वतः आकडा बदलेल. तो अधिकार न्यायाधिकरणाकडे होता म्हणून टेबलावर बोलणं झालं. तोच अधिकार हळूहळू पोकळ होतो आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

हा अधिकार आकाशातून पडलेला नव्हता, तो याच देशाने विचार करून उभारला. 1971 मध्ये केर समितीने सांगितलं की सरकारी निर्णयाविरुद्ध सामान्य माणसाला कोर्टापेक्षा सोपी, स्वस्त जागा हवी. 1975 मध्ये तुमच्याच सभागृहाने कायदा केला आणि 1 जुलै 1976 ला न्यायाधिकरण सुरू झालं, न्यायमूर्ती जेरार्ड ब्रेनन त्याचे पहिले अध्यक्ष. 1979 मध्ये ड्रेक खटल्यात फेडरल कोर्टाने नेमकं सांगून ठेवलं की न्यायाधिकरणाचं काम मूळ अधिकाऱ्याची चूक शोधण्यापुरतं नाही. समोर आलेल्या पुराव्यावर योग्य किंवा अधिक श्रेयस्कर निर्णय कोणता, हे त्याने स्वतः ठरवायचं आहे. मूळ अधिकारी ज्या खुर्चीत बसला होता त्याच खुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून विचार करायचा. कोर्टात जाऊन आम्हाला फक्त कायद्याचा मुद्दा मांडता येतो. माझ्या मुलासाठी मी रात्री किती वेळा उठते, हे कोर्ट ऐकणार नाही. ते ऐकणारी एकच जागा आहे.

एनडीआयएसमध्ये या जागेने किती फरक पडला ते बघा. व्हिक्टोरियातल्या एका तरुणाच्या कामावर जाण्या-येण्याच्या खर्चाचे 75 टक्केच योजनेने द्यायचं ठरवलं होतं. तो वाद न्यायाधिकरणातून फेडरल कोर्टात गेला, आणि 2017 मध्ये कोर्टाने ठरवलं की मदत एकदा वाजवी आणि आवश्यक मानली की तिचा पूर्ण खर्च द्यावा लागेल. त्याविरुद्धचं अपीलही त्याच वर्षी पूर्णपीठाने फेटाळलं. एका तरुणाच्या प्रवासखर्चातून देशभरातल्या माणसांना उत्तर मिळालं.

अधिकारक्षेत्राचा घोळ आधीही झालेला आहे. एकेकाळी अपील चालू असतानाच नवा प्लॅन यायचा आणि वाद उभा राहायचा, की जुना प्लॅन संपला, आता न्यायाधिकरणापुढे उरलं काय? वर्षभर धडपडलेल्या माणसाच्या पायाखालची जमीनच निघून जायची. 2022 मध्ये तुम्ही दुरुस्ती केलीत: मध्ये प्लॅन बदलला तरी न्यायाधिकरणाची तपासणी पुढे चालू राहील. भोक दिसलं की बुजवता येतं, हे तुम्हीच दाखवून दिलं आहे.

मग 2024 आलं. मे महिन्यात तुम्ही जुनं न्यायाधिकरण मोडून नवं उभारण्याचा कायदा पूर्ण केलात. प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण 14 ऑक्टोबर 2024 पासून काम करू लागलं. न्याय्य, जलद, अनौपचारिक, कमी खर्चाचं आणि सगळ्यांना पोचता येईल असं, ही उद्दिष्टं त्या कायद्यात लिहिली आहेत. मला मनापासून आनंद झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनडीआयएस कायद्यातली मोठी दुरुस्ती मंजूर झाली आणि 3 ऑक्टोबरपासून लागू झाली. एका हाताने तुम्ही आम्हाला नवीन दार दिलंत. दुसऱ्या हाताने त्या दारामागची खोली रिकामी होते आहे.

माझ्या तक्रारी आता सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. नव्या पद्धतीत आधी गरजांचं मूल्यमापन होणार. त्या अहवालावरून बजेट निघणार, आणि ते कसं काढायचं याची रीत मंत्र्यांच्या नियमपत्रात ठरणार. असा नियम न्यायाधिकरणालाही बांधून ठेवतो. शिवाय गरजांच्या मूल्यमापनाचा अहवाल हा स्वतंत्रपणे दाद मागण्याजोगा निर्णय म्हणून कायद्यात धरलेला नाही. आता माझ्या घरची गोष्ट यात घालून बघा. अहवालात ‘रात्री मदतीची गरज नाही’ असं आहे. सूत्र ठरलेलं आहे. न्यायाधिकरणातला कितीही सहृदय माणूस असो, तोच अहवाल त्याच सूत्रात घातला तर तोच आकडा येणार. वही कुणाला दाखवायची? 2025 च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांत आलेल्या माहितीप्रमाणे नव्या पद्धतीत बजेट संगणक काढणार, कर्मचाऱ्यांना त्यात फेरफार करता येणार नाही, आणि न्यायाधिकरणाला रक्कम बदलता न येता फार तर प्रकरण पुन्हा मूल्यमापनासाठी परत पाठवता येईल. परत म्हणजे त्याच साच्यात, त्याच प्रश्नांकडे. असं असेल तर ते साफ शब्दांत सभागृहात सांगा. नसेल तर तसं कायद्यात लिहा.

दुसरी तक्रार मूल्यमापनाबद्दलच आहे. 16 वर्षांवरच्यांसाठी ‘आय-कॅन’ नावाचं साधन निवडलं आहे, साधारण तीन तासांची मुलाखत. ते साधन वाईट आहे असं मी म्हणत नाही, मेलबर्न विद्यापीठातल्या जाणत्या माणसांचे कष्ट त्यात आहेत. पण तीन तासांत अनोळखी माणसाला काय सांगावं आणि काय सांगू नये, हे प्रत्येक समाजात वेगळं असतं. आम्ही मराठी आया दुःख लपवतो. आमच्या शेजारची व्हिएतनामी आजीही तेच करते. ज्या डॉक्टरांनी, थेरपिस्टांनी मुलाला दहा-दहा वर्षं पाहिलं, त्यांचे अहवाल आणायची गरज पडणार नाही, असं आम्हाला सोय म्हणून सांगितलं जातं. अहवालांचे पैसे वाचतील हे खरं, आणि ते पैसे थोडे नसतात. पण माझं उत्तर चुकलं तर ते सावरणारा दुसरा कागद मग कुठे राहतो?

2021 मध्ये आधीच्या सरकारने ‘स्वतंत्र मूल्यमापन’ आणायचं ठरवलं होतं. अपंग माणसांनी देशभर विरोध केला आणि जुलैमध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. तेव्हा जे आक्षेप होते, त्यातला एक असा होता की अनोळखी माणसाच्या थोड्या वेळाच्या भेटीवर आयुष्य ठरू नये. आज तुमच्यापैकी अनेक जण सत्ताधारी बाकांवर आहेत, तेव्हा ते आमच्या बाजूने उभे होते.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा आठवण आहे, आणि ती देताना माझा हात थरथरतो. रोबोडेटमध्ये, म्हणजे सरकारी भत्त्यांचे पैसे वसूल करण्याच्या योजनेत, लाखो गरीब माणसांवर संगणकाने उत्पन्नाची सरासरी काढून कर्जं लादली. ती पद्धत कायद्याला धरून नाही, हे पहिल्यांदा कुणी लिहून दाखवलं? 2017 च्या मार्चमध्ये जुन्या न्यायाधिकरणाचे सदस्य, प्राध्यापक टेरी कार्नी यांनी. त्यांच्यापुढे एका माणसाचं प्रकरण आलं आणि आकडा कसा काढला हे उघडून बघण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. सरकारने तो निर्णय मनावर घेतला नाही. 2020 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार कर्जं रद्द करून 72 कोटी 10 लाख डॉलर परत करण्याची घोषणा करावी लागली, आणि जुलै 2023 मध्ये त्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. तो अहवाल तुमच्या सभागृहात मांडला गेला. ज्या न्यायाधिकरणाला आकड्याच्या आत शिरता येत नाही, त्याला असली चूक दिसणारही नाही.

चौथी, थोडक्यात. आमच्यासारख्यांच्या समोर सरकारचे वकील असतात. 2022 च्या मध्यावर न्यायाधिकरणात एनडीआयएसची साडेचार हजारांच्या आसपास प्रकरणं तुंबली होती आणि ती हलवण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. प्रकरणं कमी व्हावीत असं मलाही वाटतं. पण ती पहिले निर्णय सुधारून कमी व्हावीत. दाद मागणाऱ्याला काही मिळणारच नाही अशी स्थिती केली तरीही प्रकरणं कमी होतील, आणि कागदावर ते यश दिसेल.

खर्चाचं मला कळतं. योजनेत सात लाखांहून अधिक माणसं आहेत, वर्षाचा खर्च 40 अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि वाढीचा वेग वर्षाला 8 टक्क्यांवर आणायचं 2023 मध्ये राष्ट्रीय मंत्रिमंडळात, म्हणजे पंतप्रधान आणि राज्यांच्या प्रमुखांच्या बैठकीत, ठरलं. मी कर भरते, माझा नवरा भरतो. जे ठग खोटी बिलं लावतात त्यांना पकडा, आम्ही साक्षीला येऊ. पण माझ्या मुलाची कूस कुणीतरी बदललीच पाहिजे. योजनेने नाही दिली तर ती मी बदलेन, आणि माझं वय आता बावन्न आहे. तो त्रेसष्ट किलोंचा आहे. हा खर्च कुठे जात नाही, तो फक्त माझ्या पाठीवर येतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

न्यायाधिकरणाला पुराव्यावरून बजेटची रक्कम आणि तिची विभागणी स्वतः ठरवता येईल, असं एनडीआयएस कायद्यात स्पष्ट लिहा. फक्त परत पाठवण्याचा अधिकार पुरेसा नाही.

गरजांच्या मूल्यमापनाच्या अहवालाविरुद्ध थेट दाद मागता यावी. तो पक्का होण्याआधी त्याचा मसुदा आमच्या हातात, आमच्या भाषेत समजावून, मिळावा आणि चूक दुरुस्त करायला मुदत मिळावी.

रोज उपचार करणाऱ्यांचे अहवाल, आणि घरच्या माणसाने लिहून ठेवलेली साधी वहीसुद्धा, न्यायाधिकरणाने पुरावा म्हणून तपासावी, आणि तिचा परिणाम आकड्यावर होऊ शकावा.

दाद मागितल्यापासून निकाल लागेपर्यंत आधीची मदत चालू ठेवा. ते अकरा महिने आम्ही कसे काढले ते मी लिहिलेलं नाही.

मूल्यमापनाच्या वेळी दुभाषा मागितल्याशिवाय मिळावा. मुलाचं भाषांतर आईने करायची वेळ आणू नका.

अपिलात मदत करणाऱ्या विनामूल्य संस्थांना पुरेसा पैसा द्या. ती मुलगी नसती तर मी दुसऱ्याच आठवड्यात अर्ज मागे घेतला असता.

आणि माझ्या मराठी बहिणींसाठी, कारण हे त्याही वाचणार आहेत: प्लॅन पटला नाही तर अंतर्गत फेरतपासणीला तीन महिने आहेत, त्यानंतर न्यायाधिकरणाला 28 दिवस. अर्जाला फी नाही. मूल्यमापनाला कुणी आलं की ‘हो, खातो’ म्हणू नका. कसा खातो ते सांगा. रात्रीची वही आजपासून घाला.

सन्माननीय सदस्यहो, माझ्या मुलाचा आताचा प्लॅन कायमचा नाही, पुढचा बहुधा नव्या पद्धतीने होईल. त्याने हे पत्र ऐकलं आणि यंत्रावर एक वाक्य निवडलं, ते त्याच्या परवानगीने देते: ‘मलाही विचारा.’ आपलं उत्तर लेखी यावं. ते जसं येईल तसं मराठीत उतरवून मी सगळ्यांपुढे ठेवीन.

आपली नम्र,
मेलबर्नमधली एक आई